सुकलूच्या दगडाजवळचा डब्बा

गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर माझं वह्या-रजिस्टरचं दुकान आहे आणि त्याला लागून नूर मोहम्मदचं घड्याळांचं. मधली भिंत एका विटेची. तिकडचं अर्धं बोलणं मला बसल्या जागी ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी उठून जातो. नूरभाईंकडे आता घड्याळ घेऊन कोणी फारसं येत नाही. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांची मुलगी सुरय्या कॉम्प्युटर दुरुस्त करते. बाप मागे काचेच्या पेटीआड बसून, एका डोळ्याला भिंग लावून, मोबाइलच्या जमान्याला नावं ठेवतो. मुलगी त्याच जमान्यावर घर चालवते. दोघांचं चांगलं जमतं.

जन्मभर रजिस्टरं विकल्यामुळे मला एक खोड लागली आहे. समोर आलेला माणूस काय घेऊन आला आणि काय लपवून आला, हे मी मनात दोन रकान्यांत मांडतो. बहुतेकांचा दुसरा रकाना मोठा निघतो.

जानेवारीतल्या त्या बुधवारी दहाच्या सुमारास आष्टीकडच्या बसमधून तिघं उतरले. पुढे धनराज, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चाल अशी की बस अजून सुटायचीच आहे. त्याच्या मागे दहा पावलांवर त्याची बायको ललिता. महिनाभर बोलणी खाल्लेली बाई नवऱ्यापासून जितकं अंतर ठेवते, तितकंच अंतर. आणि शेवटी एक म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत, दोन्ही हातांत छातीशी धरलेलं एक लहानसं गाठोडं. तान्हं मूल धरावं तसं. म्हटलं, कामाची वस्तू त्या गाठोड्यात आहे आणि धनराजच्या हाती ती कोणी देत नाही. इथे काहीतरी आहे. दुकानावर पडदा ओढला आणि मीही मागोमाग नूरभाईंकडे शिरलो.

धनराजनं उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. वैनगंगेचा पूल ओलांडला की चामोर्शी तालुका लागतो. तिथे जंगलात आत कोसमटोला म्हणून गाव आहे. धनराज तिथला घरजावई, गावच्या ग्रामसभेचा सचिव. म्हणून सगळा गाव त्याला जवाई म्हणतो. येत्या सोमवारी कोसमटोला आणि शेजारचं जांभळीचक, दोन्ही गावं मिळून जंगलाची शीव चालणार होती. कुठला बांबू कोणाचा, कुठला मोह कोणाचा, हा दोन पिढ्यांचा वाद. पण एका गोष्टीवर दोन्ही गावांचं एकमत झालं होतं: सुकलू दाखवेल ती शीव. सुकलू म्हणजे धनराजचा सासरा. राहायला कोसमटोल्यात, आजोळ जांभळीचकात, त्यामुळे दोन्हीकडचा आपला माणूस.

दिवाळीनंतर सुकलू अकरा दिवस ती शीव चालला होता. तेहतीस खुणा. कुठे दगड, कुठे झाड, कुठे ओढ्याचं वळण. प्रत्येक खुणेशी थांबून तो बोलला आणि धनराजनं ते मोबाइलवर भरून घेतलं. कागदावर एक ओळ लिहिली नाही. लोक विचारायचे, जवाई, लिहून ठेवलं का, तर हा सांगायचा की डब्ब्यात आहे, काळजी करू नका. डब्बा म्हणजे ग्रामसभेला एका संस्थेनं दिलेली काळी हार्ड डिस्क, हाताच्या पंजाएवढी.

मार्गशीर्षात सुकलू गेला. संध्याकाळी अंगणात गप्पा मारत बसलेला माणूस सकाळी उठला नाही.

त्यांच्याकडे रीत अशी की माणूस गेला म्हणजे त्याच्या नावाचा दगड उभा करतात आणि त्याच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवतात. सुकलूची कुऱ्हाड ठेवली, पाण्याचा तुंबा ठेवला, तंबाखूची डबी ठेवली, खाट उलटी करून ठेवली. आणि ललितानं तो काळा डब्बाही बापाच्या गमछात गुंडाळून ठेवला.

"ठेवला म्हणजे? ग्रामसभेची वस्तू होती," धनराज आमच्याकडे बघत म्हणाला. ऐकवायचं होतं बायकोला.

ललिता दाराशीच उभी होती. ती सुरय्याला म्हणाली, "रोज सांजच्याले हे डब्बा लावत आणि बाबा समोर बसून आपल्याच आवाजासंगं भांडत. 'तसा नाई, डाव्या अंगानं बोल बे' म्हणत. माहा डब्बा कुठी आहे, असं विचारत. मंग तो त्याईचाच ना जी?"

मला यात चूक काही दिसली नाही. तरी रकान्यात मांडायचं ते मांडलं: दोष, ललिताच्या नावावर, धनराजच्या सांगण्यावरून.

डब्बा गायब आहे हे धनराजला नवव्या दिवशी कळलं आणि कुठे आहे हे दहाव्या. तो आणायला गेला तर गावचा भुमका आडवा आला. भुमका म्हणजे देवाधर्माचं बघणारा. हाच तो गाठोडंवाला म्हातारा, झिंगू. दिलेली वस्तू दिली, ती जवायाची राहिली नाही, हा त्याचा मुद्दा. पंधरा दिवस घासाघीस चालली. शेवटी शीव चालायचा दिवस जवळ आला तेव्हा झिंगूनं दगडाशी बसून तांदळाचे दाणे टाकले आणि सुकलूलाच विचारलं. कौल निघाला तो असा: नेऊ द्या, पण सोमवारच्या आत परत आणा, आणि जवायाच्या हातात देऊ नका. ही दुसरी अट सुकलूची की झिंगूची, यावर मी मत दिलं नाही.

"चामोर्शीत दुकानं नाहीत का?" सुरय्यानं विचारलं.

झिंगूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. चामोर्शीच्या बाजारात वीस वर्षांपूर्वी नूर मोहम्मद दर आठवड्याला घड्याळं दुरुस्त करायला बसायचे. सुकलूचं मनगटी घड्याळ त्यांनी एकदा उघडलं होतं, नीट केलं होतं आणि आतला एकही तुकडा ठेवून न घेता परत दिलं होतं. म्हणून इथे. नूरभाईंनी भिंग वर केलं आणि कौतुक ऐकूच आलं नाही असा चेहरा केला. तो चेहरा त्यांना फार वेळ टिकवता येत नाही.

सुरय्यानं आधी लॅपटॉप मागितला. रेकॉर्डिंग आधी तिथे होतं ना? होतं, धनराज म्हणाला, मोबाइलमधून रोज तिथे उतरवून मोबाइल मोकळा करायचो, पण तिथलीही जागा भरली म्हणून काढून डब्ब्यात हलवलं. ती म्हणाली, हलवलं तरी हरकत नसते. कॉम्प्युटर फाइल पुसतो म्हणजे पान फाडत नाही. अनुक्रमणिकेतली ओळ खोडतो आणि ते पान मोकळं धरतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तसंच असतं. मग तिनं पंधरा मिनिटं शोधलं आणि विचारलं, "नंतर यात काय भरलं?"

धनराजच्या चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग भरलं होतं. सगळं. हळदीपासून पाठवणीपर्यंत.

"मग ते त्याच पानांवर लिहिलं गेलं. शिवेवर लग्न लागलं," सुरय्या म्हणाली. ललिता खाली बघून हसली की काय, मला खात्री नाही. पण एक ओळ मी धनराजच्या नावावर टाकली.

आता डब्बाच राहिला. झिंगूनं गाठोडं सोडलं. गमछा अजून ओलसर होता. मध्ये दोन दिवस झड लागली होती. प्लॅस्टिकचं कवच सुरय्यानं चिमट्यानं उकललं तर आतून लाल माती सांडली. वाळवी. वायर लावायच्या भोकातून शिरून वाळवीनं कवचात व्यवस्थित घर केलं होतं. धनराजनं डोक्याला हात लावला. झिंगूचा चेहरा मात्र उजळला. "सुरू झालं होतं," तो समाधानानं म्हणाला. त्याच्या लेखी वस्तू सुकलूकडे निघाल्याची ती पोहोच होती.

पण आतली खरी डिस्क धातूच्या पेटीत बंद होती आणि तिच्यात वाळवीला वाट नव्हती. सुरय्यानं ब्रशनं माती काढली, वायर लावली. आत काहीतरी फिरायला लागलं आणि मग आवाज आला. टिक. टिक. टिक. एकसारखा. नंतर फिरणं थांबलं. तिनं परत लावली, परत तेच. तिचा चेहरा उतरला. धनराज स्टुलावर बसला. सोमवारी दोन गावांसमोर उभं राहून, सुकलूचं बोलणं माझ्याकडे होतं आणि आता नाही, असं त्याला सांगावं लागलं असतं. मग जांभळीचकवाले त्यांची शीव सांगतील, कोसमटोलावाले आपली, आणि वाद तिसऱ्या पिढीच्या हवाली.

"फोडा," झिंगू म्हणाला. "कुठी बसला आहे ते पाहू."

सुरय्या म्हणाली, ही नाही फोडायची, पण दाखवते. तिच्या खोक्यात मेलेल्या डिस्का असतात. त्यातली एक घेऊन तिनं स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत आरशासारखी चकचकीत चकती आणि तिच्यावर आडवा आलेला एक बारीक दांडा. झिंगू वाकला. चकतीत त्याचाच चेहरा होता, पांढऱ्या खुंटांसकट. तो बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला, मग त्यानं विचारलं, याच्यात आवाज कुठे आहे?

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडतो. या चकतीवर लोहचुंबकासारखा एक पातळ थर असतो. त्यावर न दिसणारी वर्तुळं, वर्तुळांचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात इतके बारीक ठिपके की मोजायला जन्म पुरणार नाही. ठिपक्याचं तोंड या बाजूला किंवा त्या बाजूला, बस्स, एवढंच लिहिलेलं असतं. दांड्याच्या टोकाला एक इवलंसं डोकं असतं. लिहायचं तेव्हा ते ठिपक्यांची तोंडं फिरवतं, वाचायचं तेव्हा नुसतं वरून जातं. चकती सेकंदाला नव्वद फेऱ्या मारते. डोकं तिला टेकत नाही, वाऱ्यावर तरंगतं, आणि मधली फट एवढी की माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करावे आणि त्यातला एक घ्यावा. आपल्या बसस्टँडची धूळ त्या फटीत शिरली तर चकतीला ओरखडे. म्हणून जिवंत डिस्क इथे उघडायची नाही.

"नव्वद," मागून नूरभाई म्हणाले. "माझं घड्याळ बिचारं सेकंदाला पाच ठोके देतं आणि थकतं."

झिंगूला फेऱ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यानं विचारलं, "ठिपके बोलत नाईत, मंग ते वाचते काय?"

"दोन ठिपक्यांची तोंडं एकीकडे असली तर डोक्याला काही कळत नाही, झिंगूभाऊ. जिथे एकाचं तोंड इकडे संपतं आणि दुसऱ्याचं तिकडे सुरू होतं, ती जागा कळते."

"म्हंजे शीव वाचते," झिंगू म्हणाला आणि सरळ होऊन बसला. त्यानंतर त्यानं त्या यंत्राबद्दल एकही शंका काढली नाही. शिवेचं काम शिवेनंच होतं, यात त्याला विशेष वाटण्यासारखं काही नव्हतं.

एवढ्यात नूरभाई उठले. म्हणाले, परत लाव. सुरय्यानं वायर लावली. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक डिस्कच्या पेटीवर आणि मूठ आपल्या कानाला. डोळे मिटले. टिक, टिक, टिक. चाळीस वर्षं ज्यानं ठोके ऐकले, त्याच्या ऐकण्यात आणि आपल्या ऐकण्यात फरक असतो.

"घासत नाहीये," ते म्हणाले. "जातं, काही सापडत नाही, परत येतं. पुन्हा जातं. ठोका अगदी सारखा आहे. बेटी, हात-पाय शाबूत आहेत याचे. याला काही दिसत नाही एवढंच."

सुरय्यानं डिस्क उलटी केली, पाच बारीक स्क्रू काढले आणि खालची हिरवी पट्टी उचलली. पट्टीच्या मागे तांब्याचे ठिपके असतात. आतल्या डोक्याकडून येणाऱ्या तारा त्यांना नुसत्या दाबून टेकलेल्या असतात. ते ठिपके दवानं काळे पडले होते. तिनं मान वर करून मला विचारलं, "गुणवंतकाका, खोडरबर आहे का? पांढरा, मऊ?"

माझ्या दुकानातून मी आयुष्यात पुष्कळ खोडरबर विकले, पण लिहिलेलं वाचावं म्हणून कोणी मागितला नव्हता. आणून दिला. तिनं एकेक ठिपका हळूहळू घासला, चकचकीत केला, चुरा फुंकून न टाकता ब्रशनं काढला, पट्टी परत बसवली. वायर लावली.

चकती फिरली. एक टिक झाली. आम्ही दुसरीची वाट बघत राहिलो. ती आली नाही. नुसती घरघर, मांजर मांडीवर झोपल्यासारखी.

धनराज उडी मारून कॉम्प्युटरसमोर आला. पडद्यावर डब्ब्याचं चिन्ह उमटलं आणि त्याबरोबर एक प्रश्न: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? धनराज सचिव माणूस. प्रश्न दिसला की 'हो' म्हणायची त्याला सवय. त्याचा हात माउसकडे गेला. सुरय्यानं ब्रशचा दांडा त्याच्या मनगटावर ठेवला.

"धनराजभाऊ, ते विचारतंय की वही वाचता येत नाही, तर कोरी करून देऊ का. हात काढा."

त्यानं हात काढला. मग ती त्याच्याकडे न बघता बोलली. ओलावा, वाळवी, काळे ठिपके, हे सगळं बाहेरचं होतं आणि ते खोडरबरनं गेलं. आता जे दिसतंय ते आतलं आहे. अनुक्रमणिका अर्धवट आहे. कुठली फाइल चकतीवर कुठे कुठे ठेवली, ते डिस्क या अनुक्रमणिकेत लिहिते. ते लिहिता लिहिता कोणीतरी मध्येच वायर ओढली की असं होतं. दगडाजवळ ठेवल्यानं नाही.

"शेवटी ही डिस्क कधी वापरली होती?" तिनं विचारलं.

धनराजनं छताकडे बघितलं. मी पेनाचं टोपण काढल्यासारखा सावध झालो. दुसरा रकाना उघडत होता.

"बाबा गेले तेव्हा," तो हळूच म्हणाला. "सकाळी. शेवटच्या दिवसाचं डब्ब्यात टाकून राह्यलो होतो. दिवा लुकलुकत होता. ललिता अंगणातून ओरडली. मी वायर ओढली आणि धावलो. मागून, सगळं गेलं असंल म्हणून लॅपटॉपवरचं पुसलं."

बाहेर कंडक्टरनं आष्टी-आष्टी असा पुकारा केला. ललिता दारातून आत आली आणि पहिल्यांदा नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसली. तिच्या जागी दुसरी असती तर महिन्याभराचं उट्टं तिथेच काढलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मंग महिनाभर मले काऊन बोलून राह्यले होते?"

"मले वाटलं..." धनराज म्हणाला आणि लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडझाप करू लागला.

मी मनातल्या मघाच्या नोंदीवर काट मारली आणि ती धनराजच्या नावावर चढवली. पण चढवतानाही हात जरा अडखळला. बाप गेल्याची हाक ऐकून, दिवा लुकलुकतोय म्हणून वायर न ओढता थांबणारा जावई मला तरी नको.

पुढचं काम सावकाशीचं. सुरय्या म्हणाली, या डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचं नाही, नुसतं वाचायचं. आधी पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, अनुक्रमणिकेचं ऐकायचंच नाही. मग उतरवलेल्या प्रतीत पानं हुडकायची. ही मेहनत प्रतीवर करायची, अस्सलवर नाही. मला हे फार पटलं. माझ्या दुकानात जुनी रजिस्टरं बांधायला येतात, त्यातही हाच नियम.

अकरा वाजता सुरू झालेलं चार वाजले तरी चाललं होतं. पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. झिंगू डिस्कपासून हाताभर अंतरावर मांडी घालून बसला होता, उठला नाही. ती डिस्क त्याच्या जबाबदारीवर आली होती. चहा त्याला तिथेच दिला. नूरभाईंनी त्याला सुकलूचं घड्याळ आठवतं का विचारलं. आठवत होतं, ते नीट झाल्यावर सुकलूनं आठ दिवस मनगटावर मिरवलं आणि मग बैलाच्या गळ्यात बांधलं, कारण वेळ त्याला तशीही कळायची. नूरभाई इतके हसले की भिंग पडलं. वीस वर्षांनी आपल्या कामाची अशी खबर कोणाला मिळते?

धनराज आणि ललिता बाहेरच्या बाकावर बसले होते. अंतर सकाळी दहा पावलं होतं, ते आता एका पिशवीएवढं राहिलं होतं.

सव्वाचारला सुरय्यानं हाक मारली. सापडलेल्या फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. तिनं पहिली उघडली. पडद्यावर साग, वाळलेली पानं आणि कोणाच्या तरी चालण्याचा आवाज. मग खोकला. आणि मग सुकलू. मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. हाडकुळा, टोपी तिरकी, काठीनं एका दगडाला टोचत होता. अर्धं गोंडीत बोलला, अर्धं आपल्या बोलीत. गोंडी मला कळत नाही. ललिता सांगत गेली: हा दगड माझ्या आज्यानं दाखवला, याच्या उगवतीला आपलं, मावळतीला मामाचं. मामाचं म्हणजे जांभळीचकचं. एवढं सांगून तिनं पदर डोळ्यांना लावला.

मग पडद्यावरचा सुकलू कॅमेऱ्याकडे वळला आणि जावयाला म्हणाला, "डब्ब्यात भरून राह्यला, डोक्यात कधी भरशील? लिहून घे ना बे जवाई. मी काय रोज चालणार आहो?"

ललिता रडत होती ती एकदम हसायला लागली. झिंगूही हसला. धनराज हसला नाही, पण त्याचे खांदे उतरले. सकाळपासून त्यानं ते कानाशी धरले होते. तो उठला, भिंतीपलीकडे माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "गुणवंतभाऊ, एक जाड रजिस्टर द्या. रेघांचं."

साडेपाचच्या बसपर्यंत आम्ही सगळे एका कामाला लागलो. सुरय्या फायली उघडायची, ललिता सांगायची, धनराज लिहायचा, आणि मी रकाने आखून दिले: खूण, उगवतीला, मावळतीला, पुढे किती पावलं, कोणी सांगितलं. तेहतीसपैकी बत्तीस खुणा पूर्ण निघाल्या. एकोणिसावीच्या वेळी सुकलू एका ओढ्याशी उभा होता, म्हणाला, "इथून वर गेलं का..." आणि पडदा काळा. ओढ्याला पाणी होतं म्हणून ही खूण शेवटच्या दिवसासाठी मागे ठेवली होती; शेवटच्या दिवसाचं तेच पान, वायर ओढली तेव्हा ते अर्धंच लिहून झालं होतं. सुरय्यानं तीन वेगवेगळ्या रीतीनं शोधलं. पुढचं कधी लिहिलंच गेलं नव्हतं. नसलेलं पान कोणी हुडकू शकत नाही.

धनराजची पेन्सिल त्या ओळीवर अडली. मला वाटलं, आता याची भीती परत चढणार. झिंगू म्हणाला, "अठरा आहे, वीस आहे. मधातलं सोमवारी पाहू," आणि डिस्क गमछात गुंडाळायला लागला.

नूरभाईंनी थांबवलं. घड्याळांच्या पेट्यांत ओल खेचणाऱ्या पांढऱ्या पुड्या असतात, त्या चार पुड्या आणि प्लॅस्टिकची जाड पिशवी घेऊन आले. यात बांधून ठेवा, वाळवी शिरणार नाही, दहा वर्षं टिकेल. कारागिराला वस्तू खराब होऊ द्यायची कल्पनाच सहन होत नाही.

झिंगूनं पुड्या कौतुकानं पाहिल्या आणि परत दिल्या. "टिकून काय करायचं, नूरभाऊ? तुमची प्रत तुमच्या यंत्रात आहे, जवायाचं रजिस्टर आहे. हा त्याचा आहे. त्याले पोचला पायजे. वाळवी नेते."

नूरभाईंनी पुड्या खिशात टाकल्या आणि झिंगूबरोबर बसपर्यंत चालत गेले.

पुढच्या बुधवारी ललिता एकटीच गोंडपिपरीला आली, सुरय्याला वाळवलेल्या मोहाच्या फुलांची पुरचुंडी द्यायला. सोमवारचं तिनं सांगितलं. दोन्ही गावची माणसं सकाळीच निघाली. धनराज रजिस्टरमधून वाचायचा, सुरय्यानं मोबाइलवर घालून दिलेला सुकलूचा आवाज लावायचा, आणि दोन्हीकडचे म्हातारे मान हलवायचे. अठराव्या खुणेपर्यंत कुठेही अडलं नाही. एकोणिसाव्या ओढ्याशी सुकलूचा आवाज तुटला आणि सगळे उभे राहिले. कोसमटोलावाल्यांनी धनराजकडे बघितलं, धनराजनं रजिस्टरकडे. तेव्हा जांभळीचकची बुधरी म्हणून सुकलूची मामेबहीण आहे, सत्तरीची, काठी टेकत सगळ्यांत मागे येत होती. ती पुढे आली आणि वैतागून म्हणाली, "वर गेलं का तेंदूचं झाड आहे, दोन बुडांचं. लहानपणी आम्ही तिथंच भांडत होतो. त्याले एवढं सांगायले काय झालं होतं?"

वर गेले तर दोन बुडांचा तेंदू होता. पुढे विसावी खूण सरळ दिसली.

धनराजनं तिथेच उभ्यानं एकोणिसावी ओळ भरली आणि कोणी सांगितलं या रकान्यात बुधरीचं नाव घातलं. जांभळीचकवाल्यांना ते फार आवडलं म्हणे. संध्याकाळी दोन्ही गावं एकत्र जेवली. डब्बा मात्र त्याआधीच, रविवारी, झिंगूनं सुकलूच्या दगडाजवळ तुंब्याशेजारी ठेवून दिला होता.

"आणि धनराज?" मी विचारलं. "काही बोलला का तुला? माफीबिफी?"

ललितानं पुरचुंडीची गाठ सोडली, थोडी फुलं मलाही काढून दिली. "बोलले नाईत," ती म्हणाली. "डब्बा ठेवायले माह्यासंगं आले. आणि आपली पेन्सिल पण ठेवली तिथी. मी विचारलं, ते काऊन? तं म्हणते, बाबाले लागंल, मी चुकीचं लिहिलं असंल तं."

मी धनराजच्या नावावरची नोंद तशीच ठेवली. फक्त खाली लिहिलं: जमा.